विश्लेषण : ग्राफिक्स कार्डची किंमत 'तीच', मग गेमर्स नाराज का?

जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी आरटीएक्स ५० मालिकेची ग्राफिक्स कार्डं जाहीर केली. त्यातलं ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० हे कार्ड आधीच्या पिढीतल्या १,५९९ डॉलरच्या आरटीएक्स ४०९० इतकी कामगिरी देईल, असं त्यांनी सांगितलं. एक तृतीयांश किमतीत तेवढीच ताकद मिळत असेल तर कोणत्या गेमरला नको असेल?

भारतात या कार्डची सुरुवातीची किंमत ५९,००० रुपये जाहीर झाली. कॉलेजमध्ये शिकणाऱ्या किंवा नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलासाठी ही अनेक महिन्यांची बचत आहे. त्यामुळे या किमतीत नेमकं काय मिळतं, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

'४०९० इतकी कामगिरी' म्हणजे काय?

या दाव्यामागे मल्टी फ्रेम जनरेशन नावाचं तंत्र आहे. गेम चालू असताना कार्ड एकामागून एक चित्रं तयार करतं, त्यांना फ्रेम म्हणतात. नव्या तंत्रात कार्ड एक फ्रेम खरोखर तयार करतं आणि पुढच्या तीनपर्यंत फ्रेम्स एआयच्या मदतीने भरून काढतं. त्यामुळे स्क्रीनवरचा फ्रेम्सचा आकडा झपाट्याने वाढतो आणि चित्र अधिक सलग दिसतं.

मात्र माउस हलवल्यावर गेम किती पटकन प्रतिसाद देतो, हे खऱ्या फ्रेम्सवरच ठरतं. खऱ्या फ्रेम्स सेकंदाला ३० असतील, तर स्क्रीनवर १२० दिसल्या तरी हाताला गेम ३० चाच वाटतो. एआयच्या फ्रेम्स बाजूला ठेवून झालेल्या स्वतंत्र चाचण्यांमध्ये ५०७० हे कार्ड ४०९० च्या बरंच मागे राहिलं. त्याची कामगिरी आधीच्या पिढीतल्या ५९९ डॉलरच्या ४०७० सुपरच्या आसपास होती. थोडक्यात, ग्राहकाचा खरा फायदा साधारण ५० डॉलरचा होता, हजार डॉलरचा नव्हे.

किंमत तीच, मग तक्रार कशाची?

पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा आठवा. वर्षानुवर्षं किंमत पाचच रुपये राहिली, पण आतली बिस्किटं कमी होत गेली. ग्राफिक्स कार्डांच्या बाबतीत हेच घडतंय, असं अनेक गेमर्सचं म्हणणं आहे.

त्याला आकड्यांचा आधार आहे. २०२० मध्ये आलेल्या आरटीएक्स ३०८० मध्ये ८,७०४ कुडा कोअर होते, तर त्या वेळच्या सर्वांत मोठ्या ३०९० मध्ये १०,४९६. म्हणजे '८०' क्रमांकाच्या कार्डमध्ये सर्वांत मोठ्या कार्डच्या ८३ टक्के कोअर मिळत. आताच्या ५०८० मध्ये १०,७५२ कोअर आहेत आणि ५०९० मध्ये २१,७६०. हे प्रमाण निम्म्यावर आलं. किंमत मात्र ६९९ डॉलरवरून ९९९ डॉलरवर गेली.

याची दुसरी बाजूही आहे. ५०९० हे १,९९९ डॉलरचं अवाढव्य कार्ड आहे, त्यामुळे त्याच्याशी तुलना केल्यावर खालची कार्डं अधिकच लहान दिसतात. ५०८० हे ३०८० पेक्षा बरंच वेगवान आहे, हेही खरं. पण पूर्वी नव्या पिढीत त्याच पैशांत मोठी झेप मिळायची. आता ती झेप लहान झाली आहे.

८ जीबी मेमरीवरून वाद का?

स्वस्त कार्डांमध्ये हा फरक सर्वांत जास्त जाणवतो. २०१६ मध्ये एएमडीचं आरएक्स ४८० हे कार्ड ८ जीबी मेमरीसह २३९ डॉलरला आलं होतं. २०२१ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ३०६० मध्ये १२ जीबी दिली. त्यानंतरच्या ४०६० मध्ये ती ८ जीबीवर आली आणि २०२५ मधल्या २९९ डॉलरच्या ५०६० मध्येही ८ जीबीच राहिली.

दरम्यान गेम्सची भूक वाढली. 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि 'डूम : द डार्क एजेस' या गेम्ससाठी ८ जीबी ही किमान अट आहे. नवं कोरं कार्ड घेऊन किमान पातळीवरच सुरुवात करायची असेल, तर ते पुढची चार-पाच वर्षं कसं टिकणार? मेमरी अपुरी पडली की गेम अडखळतो किंवा चित्रातले बारकावे धूसर दिसतात. आणि कार्डवरची मेमरी नंतर वाढवता येत नाही.

गेमर्स आता किती महत्त्वाचे ग्राहक?

जानेवारी २०२० मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाचं उत्पन्न सुमारे ११ अब्ज डॉलर होतं आणि त्यातलं निम्मं गेमिंगमधून येत होतं. पाच वर्षांनी उत्पन्न १३० अब्ज डॉलरवर गेलं. त्यात एआयसाठी लागणाऱ्या डेटा सेंटरचा वाटा ११५ अब्जांचा, तर गेमिंगचा सुमारे ११ अब्जांचा होता. गेमिंगचा धंदा दुप्पट झाला, तरी कंपनीच्या एकूण उत्पन्नात तो नऊ टक्क्यांच्या आसपास उरला.

एआयच्या चिप्स आणि गेमिंगच्या चिप्स दोन्ही तैवानच्या टीएसएमसीकडे बनतात. एकाच कारखान्यातली क्षमता वापरून एआयची चिप कितीतरी पट पैसे देत असेल, तर गेमरसाठी किंमत उतरवण्याची घाई कोणत्या कंपनीला असेल?

भारतात किंमत इतकी का वाढते?

अमेरिकेतल्या जाहीर किमतीत कर धरलेला नसतो, भारतात धरलेला असतो. ५९,००० रुपयांच्या कार्डमध्ये १८ टक्के जीएसटीचेच ९,००० रुपये आहेत. त्यात रुपया घसरला की आयात महागते. शिवाय जाहीर किंमत ही 'पासून पुढे' अशी असते. लॅमिंग्टन रोडच्या दुकानात किंवा ऑनलाइन दिसणारं मोठ्या पंख्यांचं, रंगीत दिव्यांचं मॉडेल त्याहून महाग असू शकतं.

मग पर्याय काय?

स्पर्धा आहे. इंटेलने डिसेंबर २०२४ मध्ये १२ जीबीचं आर्क बी५८० हे कार्ड २४९ डॉलरला आणलं. एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी १६ जीबीसह ५९९ डॉलरला, तर ९०६० एक्सटीचं १६ जीबीचं मॉडेल ३४९ डॉलरला जाहीर झालं. प्रत्यक्ष बाजारात मात्र यातली काही कार्डं जाहीर किमतीपेक्षा महाग विकली गेली.

'थांबा, स्वस्त होईल' हा जुना सल्लाही आता तितका खात्रीचा राहिलेला नाही. एआय सर्व्हरच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीस मेमरी चिप्स महागल्या. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा क्रुशियल हा ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. ग्राफिक्स कार्डवरची मेमरीही मायक्रॉन, सॅमसंग आणि एसके हायनिक्स याच कंपन्या बनवतात.

घेण्याआधी काय पाहाल?

• कार्डच्या नावावर जाऊ नका. एकाच नावाच्या दोन मॉडेल्समध्ये ८ आणि १६ जीबी असा फरक असू शकतो. ५०६० टीआयच्या या दोन मॉडेल्समध्ये जाहीर किमतीत फक्त ५० डॉलरचा फरक होता.

• चाचण्यांचे व्हिडिओ पाहताना फ्रेम जनरेशन बंद ठेवून आलेला आकडा शोधा.

• आपला मॉनिटर पाहा. १०८० पी स्क्रीनवर खेळणाऱ्याला वरच्या श्रेणीतल्या कार्डची गरज नसते.

• सध्याचं कार्ड आवडते गेम नीट चालवत असेल, तर केवळ नवी पिढी आली म्हणून बदलू नका.

पुड्यावरची किंमत कंपनी ठरवते. आत किती बिस्किटं आहेत, हे मात्र ग्राहकाला स्वतःच मोजावं लागतं.