दुवा तुटतो, तेव्हा हक्कही अडतो

कळंबा (जि. कोल्हापूर), प्रतिनिधी : शासकीय संकेतस्थळांचा विषय २०२५ मध्ये राज्याच्या कार्यक्रमपत्रिकेवर अग्रक्रमाने आला. जानेवारीत सुरू झालेल्या १०० दिवसांच्या कार्यालयीन सुधारणा मोहिमेत संकेतस्थळ अद्ययावत करणे हा एक प्रमुख मुद्दा होता. त्यापाठोपाठ १५० दिवसांचा ई-प्रशासन कार्यक्रम हाती घेण्यात आला. अशा मोहिमांमध्ये मांडणी, छायाचित्रे आणि मोबाईलवरील सोय यांकडे लक्ष जाते, कारण ती डोळ्यांना दिसतात. पानावरील दुवा वाचकाला योग्य ठिकाणी पोहोचवतो की नाही, हा प्रश्न मात्र मागे राहतो. सामान्य नागरिकाचे काम अडते ते नेमके तेथेच.

कोल्हापूर शहराच्या दक्षिण सीमेवरील कळंबा या दृष्टीने बोलके उदाहरण ठरावे. येथील रहिवाशाला सातबारा उतारा महसूल विभागाच्या संकेतस्थळावर पाहावा लागतो. पंचायतीच्या योजनांची माहिती जिल्हा परिषदेकडे असते. शहरालगतच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये स्वतंत्र नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाल्याने बांधकाम परवानगीचा मार्ग निराळा झाला. कळंबा रस्त्यावरील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत प्रवेश घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला राज्याच्या प्रवेश संकेतस्थळावर जावे लागते, तर मध्यवर्ती कारागृहातील बंद्यांच्या नातेवाइकांचा संबंध कारागृह विभागाच्या व्यवस्थेशी येतो. गाव एकच, पण त्याला पाच दिशांनी दुवे जोडलेले. त्यातील एक जरी निखळला, तरी पुन्हा कचेरीची पायरी चढण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

नावापासूनच अडचण

कळंबा हे रूढ नाव. महसुली दफ्तरात गावाची नोंद ‘कळंबे तर्फ ठाणे’ अशी आहे आणि करवीर तालुक्यातच ‘कळंबे तर्फ कळे’ हे दुसरे गावही आहे. रोमन लिपीत लिहिताना अडचण आणखी वाढते. कोणी ‘कळंबा’ लिहितो, कोणी ‘कळंबे’, तर कोणी ‘तर्फ’चे स्पेलिंग इंग्रजीतील हिरवळीच्या शब्दाप्रमाणे करतो. पत्रावर अर्धवट पत्ता असला, तरी गावचा पोस्टमन अंदाजाने ते पोहोचवतो. संगणक असा अंदाज करीत नाही. एका अक्षराचा फरक पडला, की ‘४०४ – पान सापडले नाही’ एवढेच उत्तर मिळते.

देवनागरीतील पत्त्यांची अडचण वेगळी आहे. २०१४ पासून ‘डॉट भारत’ हे देवनागरी क्षेत्रनाम उपलब्ध आहे. तथापि, पत्त्याच्या पुढील भागात देवनागरी अक्षरे आली, की ती पाठविताना अनेकदा चिन्हांकित रूपात बदलतात. ‘कळंबा’ या शब्दातील पाच घटकांची अशा वेळी ४५ चिन्हे होतात. एवढा लांबलचक पत्ता नक्कल करताना वा संदेशात चिकटवताना मध्येच तुटला, तर दुवा निकामी होतो.

चुका साध्या, परिणाम मोठा

चुकीच्या दुव्यांमागे बहुधा मोजकीच कारणे असतात. पत्त्याच्या शेवटी रिकामी जागा किंवा वाक्याचा पूर्णविराम चिकटतो. बाहेरच्या संकेतस्थळाचा दुवा देताना आरंभीचा ‘एचटीटीपीएस’ हा भाग राहून जातो. मग संगणक त्याला स्वतःच्याच संकेतस्थळाचे पान समजतो आणि एका पत्त्यापुढे दुसरा पत्ता जोडून भलतेच ठिकाण शोधतो. काही सर्व्हर रोमन लिपीतील लहान व मोठी अक्षरे भिन्न मानतात. त्यामुळे एका सर्व्हरवर सुरळीत चालणारे दुवे दुसऱ्या सर्व्हरवर हलविताच बंद पडतात.

सर्वांत फसवी चूक म्हणजे कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या संगणकातील फाईलचा दुवा पानावर देणे. त्याच्या टेबलावर ती फाईल तत्काळ उघडते, त्यामुळे तक्रार खोटी वाटते. बाहेरच्या माणसाला मात्र काहीच दिसत नाही. म्हणूनच प्रत्येक दुवा कार्यालयाबाहेरील संगणकावरून आणि साध्या मोबाईलवरून तपासणे हा पहिला नियम असायला हवा.

याहून गंभीर धोका मुदत संपलेल्या क्षेत्रनामांचा आहे. एखाद्या योजनेसाठी खासगी नावाने संकेतस्थळ काढले आणि पुढे नोंदणीचे नूतनीकरण झाले नाही, तर ते नाव कोणीही विकत घेऊ शकतो. जुन्या परिपत्रकातील दुवा मग जुगाराच्या किंवा फसवणुकीच्या पानावर नेऊ शकतो. तेथे नागरिकाचा केवळ वेळ जात नाही, त्याचे पैसेही जाऊ शकतात.

जुन्या दारावर नवी पाटी

कार्यालयाचे स्थलांतर झाले, की जुन्या दारावर नव्या पत्त्याची पाटी लावली जाते. संकेतस्थळासाठीही तशी सोय आहे. ‘३०१’ या संकेताने जुना पत्ता कायमस्वरूपी नव्या पानाशी जोडता येतो आणि वाचक आपोआप तेथे पोहोचतो. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. लागते ती जुन्या व नव्या पत्त्यांची जुळणी यादी. नवे संकेतस्थळ बांधून घेताना निविदेत या यादीची अट नसेल, तर कंत्राटदार ती करून देण्याची शक्यता कमीच. सर्व जुने दुवे सरसकट मुखपृष्ठाकडे वळविणे ही तर निव्वळ पळवाट होय. त्यातून चूक झाकली जाते, पण हवा तो कागद हाती लागत नाही.

वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच चांगले पत्ते बदलत नसतात, असा आग्रह धरला होता. प्रत्यक्षात जगभर उलटेच घडले. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दशकभरानंतर उपलब्ध नव्हती. अभ्यासलेल्या शासकीय पानांपैकी २१ टक्के पानांवर किमान एक तुटलेला दुवा आढळला.

संकेतांकाचा धडा

या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्र शासनाच्याच व्यवहारात आहे. शासन निर्णयाच्या अखेरीस एक १८ अंकी संकेतांक छापलेला असतो आणि त्याच्या आरंभी वर्ष, महिना व दिवस येतात. संकेतस्थळाची रचना बदलली, तरी हा अंक बदलत नाही. त्यावरून निर्णय शोधता येतो. गावांसाठीही केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेत स्वतंत्र सांकेतिक क्रमांक आहेत. ‘कळंबा’ की ‘कळंबे’ हा घोळ त्या क्रमांकाने टळू शकतो. पत्ता नावावर न बेतता अशा कायमस्वरूपी अंकावर बेतला, तर स्पेलिंगची चूक उरणार नाही.

नियमांचीही उणीव नाही. शासकीय संकेतस्थळांसाठी केंद्राने २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि दुव्यांची अचूकता तपासणारी यंत्रणा असावी, अशी अपेक्षा त्यांत नोंदविली. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार कार्यालयांनी माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते आणि त्यासाठीच्या माध्यमांत इंटरनेटचा स्पष्ट उल्लेख आहे. माहिती संकेतस्थळावर चढविली, पण तिच्याकडे नेणारा दुवाच बंद असेल, तर ती प्रसिद्ध झाली असे म्हणता येईल काय?

मोजमाप बदलावे

नागरिकाला काही उपाय स्वतः करता येतात. पत्त्याच्या शेवटचा एकेक भाग पुसून मागच्या पानावर जावे, संकेतांक टाकून शोध घ्यावा किंवा इंटरनेट आर्काइव्हमध्ये जुनी प्रत पाहावी. तक्रार करताना संपूर्ण पत्ता, दिनांक आणि पडद्यावर दिसलेला संदेश द्यावा. मात्र, हे उपाय ज्याला ठाऊक असतात, त्याचेच काम होते. उरलेल्यांना दलालाचे दार दिसते.

म्हणूनच संकेतस्थळांचे मूल्यमापन करताना रूपापेक्षा दुव्यांना गुण द्यावेत. दरमहा किती दुवे तपासले, किती तुटलेले आढळले, किती दिवसांत दुरुस्त झाले आणि जबाबदार अधिकारी कोण, या चार नोंदी प्रत्येक कार्यालयाने मुखपृष्ठावर प्रसिद्ध कराव्यात. दुवे तपासणारी साधने मोफत उपलब्ध आहेत. हद्दवाढीच्या चर्चेत कळंब्यासह शहरालगतच्या गावांची नावे वारंवार आली आहेत. प्रशासकीय सीमा बदलते, तेव्हा गावाच्या नोंदी एका कार्यालयाकडून दुसऱ्याकडे जातात. त्या वेळी कागदपत्रांच्या गठ्ठ्यांइतकीच काळजी त्यांच्या पत्त्यांची घेतली गेली नाही, तर नोंद दफ्तरी असूनही नागरिकाच्या लेखी ती हरवलेलीच असेल.