हँडलचा की सेलचा?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले, तेव्हा मी मुरुडला होतो. वीज गेली, मोबाईल मुका झाला. कपाटातला रेडिओ काढला, तो आतले सेल पाझरून पट्ट्या हिरव्या पडलेल्या! वारा थांबला, पण वादळ गेले की मध्येच दम खात आहे, हे सांगणार कोण? गोठ्याकडे जावे की नाही, कळेना.

आता हँडलचा रेडिओ आणला आहे. मिनिटभर फिरवावे, तर जेमतेम बातम्या ऐकून होतात. शिवाय पोटातली बॅटरी वर्षानुवर्षे पडून राहिली की मरते. (हे दुकानदार सांगत नाही.) म्हणून साधे सेलही बसतील असाच निवडला. सेल मात्र बाहेर, डबीत. महिन्याकाठी हँडल फिरवण्याचे खाते नातवाकडे आहे.