पाहुणा कीं घरचा?

वसंतवर्णनाचा निबंध लिहावयास सांगितला म्हणजे आमचे विद्यार्थी कोकिळेपासून आरंभ करतात, आम्रमोहोरावर येतात आणि मलयानिलाची एक झुळूक सोडून निबंध आटोपतात. शहागंजांत राहणाऱ्या मुलानें मलयानिल कोठें अनुभवला, हें आम्हांस अद्याप कळलेलें नाहीं. येथील वसंत निराळा आहे. घड्याळाच्या मनोऱ्याभोंवतीं रिक्षांची दाटी, टरबुजांचे ढीग, रस्त्याच्या कडेला मांडलेले माठ, आणि राजाबाजार-चेलीपुऱ्याकडील जुन्या घरांच्या गच्च्यांवर पसरलेलीं वाळवणें, हा आमचा वसंत. २०२५ सालीं ३० मार्चला गुढीपाडवा व दुसऱ्याच दिवशीं रमजान ईद आली. तेव्हां तर एकाच बाजारांत साखरेच्या गाठी आणि शेवया-खारका ह्यांची खरेदी शेजारीं शेजारीं चालली होती.

परीक्षा आटोपल्या कीं घरांतील लहान मुलें खऱ्या अर्थानें घरचीं होतात. एरवीं सकाळचें दप्तर आणि सायंकाळची शिकवणी ह्यांच्या मधल्या फटींत तीं आईबापांना दिसतात. आतां पहांटेपासून झोंपेपर्यंत तीं डोळ्यांसमोर असतात, आणि दोन दिवसांतच त्यांचें काय करावें हें आईला सुचेनासें होतें. पहांटे उठून गच्चीवर कुरडया घालावयाच्या असतात. थोरल्यानें धुतलेलें जुनें लुगडें अंथरावें, मधलीनें सोऱ्या धरावा, आणि धाकट्यानें गरम चीक चाटून तोंड भाजून घ्यावें, हा क्रम बहुधा घरोघरीं सारखाच. ऊन चढलें कीं कावळे-चिमण्या राखण्यासाठीं एका मुलास काठी देऊन जिन्याच्या सावलींत बसवितात. दुपारीं दारें लावून घरांत अंधार करावयाचा. मग कैरीचें पन्हें, पत्ते, सागरगोटे, भांडण, रडें, पुन्हां पन्हें.

ह्या लांबलचक दुपारींच कुत्र्याच्या पिलाचा विषय निघतो. गल्लींतील एखादी कुत्री थंडीच्या अखेरीस बंद दुकानाच्या फळीखालीं व्यालेली असते. तिचें एक पिलूं धाकट्याच्या सदऱ्यांत लपून घरांत येतें. किंवा, बापाची कमाई बरी असली तर, दाट केसांचें, निळ्या डोळ्यांचें, बर्फाच्या मुलखांतील जातीचें पिलूं हजारों रुपये मोजून आणलें जातें. मुलें नाचतात. नांव काय ठेवावें ह्यावरून पहिलें भांडण होतें. आई 'नको' म्हणते. तिचें कोणी ऐकत नाहीं.

त्या आईच्या बाजूनें दोन शब्द लिहावे म्हणून हा लेख आहे. आमचें मत स्पष्ट सांगतों : सुटी घालविण्यासाठीं कुत्र्याचें पिलूं घरांत आणूं नये. कुत्रें दहा-बारा वर्षें, क्वचित् त्याहूनहि अधिक जगतें. सुटी असते सहा-सात आठवड्यांची. आज पिलाला उशाशीं घेऊन निजणारा सात वर्षांचा मुलगा, तें म्हातारें होईल तेव्हां महाविद्यालयांत असेल, आणि कदाचित् पुण्यास किंवा त्याहूनहि दूर असेल. तेवढ्या काळासाठीं जें घर 'होय' म्हणूं शकतें त्यानें पिलूं अवश्य आणावें. त्या घरांतील मुलांचें बालपण भाग्याचें, असें आम्ही मानतों.

मुलांनीं भूतदया शिकावी म्हणून पिलूं आणतों, असें पुष्कळ पालक म्हणतात. हेतु चांगला आहे. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवलेल्या नामदेवांची कथा मराठी घरांत सर्वांस ठाऊक असते. आमच्या शहरालगतच्या साताऱ्यास खंडोबाच्या दर्शनाला जाणाऱ्यांना देवाजवळचें कुत्रें नवें नाहीं, आणि दत्ताच्या तसबिरींत तर चार कुत्रीं आहेत. परंतु कथेंतले नामदेव स्वतः धांवले, तूप घेऊन जा म्हणून त्यांनीं दुसऱ्यास पिटाळलें नाहीं, हें आपण विसरतों. आमच्या घरांतून भूतदया मुलें करतात आणि तूप आई नेते.

पिलाच्या पाठीमागें किती कामें असतात तें पाहावें. आईपासून तें निदान आठ आठवडे तोडूं नये. पुढें दिवसांतून तीन-चार वेळां त्याला थोडें थोडें खाऊं घालावें लागतें, आणि प्रत्येक खाण्यानंतर व झोंपेनंतर बाहेर न्यावें लागतें. नाहींतर फरशी आहेच, आणि ती पुसणारी ठरलेली आहे. सहाव्या-आठव्या आठवड्यापासून लसी सुरू होतात; तिसऱ्या महिन्याच्या सुमारास रेबीजची लस, व नंतर तिची ठरल्या वेळीं पुनरावृत्ति. 'पार्व्हो' नांवाच्या रोगांत रक्ताची हगवण लागून न टोचलेलीं पिलें थोड्या दिवसांत दगावतात, आणि मग सुटींतील आनंदाचा शेवट मुलांच्या पहिल्या मृत्युदर्शनांत होतो. ह्यांतील कोणतें काम कोणाचें, हें पिलूं येण्याआधीं ठरलें पाहिजे. चार वर्षांचें मूल पाण्याचें भांडें भरूं शकतें. आठ वर्षांची मुलगी केस विंचरूं शकते, गोचीड पाहूं शकते. रहदारीच्या रस्त्यावर साखळी धरणें मात्र मोठ्या माणसाचें काम, आणि लसीच्या तारखा बापानें लक्षांत ठेवाव्या.

शहागंजांत पाण्याचा विचारहि आधीं करावा लागतो. तीनशें वर्षांपूर्वींहि तो करावा लागत असे. दख्खनचा सुभेदार सय्यद हुसेन अली ह्यानें १७१४ ते १७१९ ह्या आपल्या कारकीर्दींत येथें मोठा हौद बांधावयास घेतला व पुढें इवज खानानें तो वाढवून भोंवतीं इमारती व मशीद उभारिली. उन्हाळ्यांत पाण्याची टंचाई पडली म्हणजे ह्या हौदामुळें रहिवाशांचे हाल कमी होतात, असें इतिहासकार खाफी खान नमूद करतो. मलिक अंबरच्या नहरीचें नांव तर येथें पोरासोरांना माहीत आहे. पुढें जायकवाडीचें पाणी आलें. तरी आठ-आठ दिवसांनीं नळ येण्याचे उन्हाळे ह्या शहरानें काढले आहेत, आणि येथील मुलांना टांकी, पिंप, हंडा, कळशी ही मोजदाद पाढ्यांच्या आधीं येते.

अशा घरांत कुत्र्याचें पाणी वेगळें धरावें लागतें. त्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाहीं. थोडासा पंजांच्या तळव्यांना येतो. बाकीची उष्णता तें जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवितें, आणि त्यांत अंगांतील पाणी खर्च होतें. पारा ४० अंशांकडे झुकला असतां उन्हांत, रिकाम्या भांड्याशेजारीं दुपारभर बांधलेलें कुत्रें उष्माघातानें मरूं शकतें. ज्या गच्चीवर कुरडया कडकडीत वाळतात त्याच गच्चीच्या फरशीवर त्याचे पाय भाजतात. आपल्या हाताची मागची बाजू पांच-सात सेकंद जेथें ठेववत नाहीं, तेथें त्याला नेऊं नये. आणि बर्फांत राहण्यासाठीं दुहेरी केस घेऊन जन्मलेल्या जातीला हौसेखातर मराठवाड्याच्या उन्हांत आणणें, हें आमच्या मतें उघड क्रौर्य आहे. आमच्याकडचें कारवान कुत्रें, लांब पायांचें व तोकड्या केसांचें, ह्या मुलखांत पिढ्यान् पिढ्या नांदलें आहे. (त्याला मात्र धांवावयास रान लागतें, दोन खोल्यांत कोंडूं नये.) गल्लींतील पिवळें कुत्रेंहि येथल्याच हवेचें. पण त्याच्यासाठीं पैसे मोजावे लागत नाहींत, म्हणून शेजारीपाजारीं त्याची प्रौढी सांगतां येत नाहीं.

सणांतील पाहुणचार हाहि एक धोका आहे. मनुका-बेदाण्यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. कांदा-लसणीनें त्याचें रक्त बिघडतें. चॉकलेटहि त्याला विषासमान आहे. तेव्हां शेजारून आलेला शीरखुर्मा किंवा घरचीं कांद्याचीं भजीं लाडानें त्याच्यापुढें ठेवूं नयेत.

आतां मुलांविषयीं. कुत्रें हें खेळणें नव्हे, असें सर्व पालक बोलतात, आणि पांच मिनिटांनीं पोर कुत्र्याच्या पाठीवर घोड्यासारखें बसलें असतां हंसत हंसत त्याचें छायाचित्र काढतात. कुत्र्याला बोलतां येत नाहीं हें खरें नाहीं. तें मान वळवितें, ओठ चाटतें, झोंप आलेली नसतां जांभई देतें, अंग ताठ करतें, मग गुरगुरतें; आणि इतकें सांगूनहि कोणी ऐकलें नाहीं तर चावतें. जेवणाऱ्या, निजलेल्या आणि पिलें असलेल्या कुत्र्याजवळ मुलानें जाऊं नये. पांच-सहा वर्षांखालील मूल आणि कुत्रें, दोन्ही कितीहि गुणी असलीं तरी, मोठ्या माणसावांचून एकत्र सोडूं नयेत.

कुत्रें चावलेंच, किंवा नुसता ओरखडा निघाला, तर वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें जखम धुवावी आणि त्याच दिवशीं घाटीसारखें सरकारी रुग्णालय गांठावें. हळद, चुना, मिरची जखमेंत भरूं नये. पोटांत चौदा इंजेक्शनें घेण्याचे दिवस केव्हांच गेले. आतां ठराविक दिवशीं दंडांत चार-पांच वेळां टोचतात, आणि जखम मोठी असेल तर जखमेंत व तिच्याभोंवतीं निराळें औषध सोडतात. ६ जुलै १८८५ रोजीं पॅरिसमध्यें लुई पाश्चर ह्यांनीं ज्याला ही लस देवविली तो जोसेफ माइस्टर नऊ वर्षांचा मुलगा होता. आजहि जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणें, संशयित पिसाळलेलें जनावर चावलेल्यांत सुमारें ४० टक्के १५ वर्षांखालील मुलें असतात. रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं माणूस बहुधा वांचत नाहीं. म्हणून मुलाला सर्वांत आधीं शिकवावयाचें तें हें कीं, कुत्रें चावलें तर घरीं येऊन लगेच सांगावें; आणि त्यानें सांगितल्यावर आपण त्याला मारूं नये. मार बसेल म्हणून बाहीखालीं ओरखडा झांकून निजणारें पोर, त्याची आम्हांस जितकी भीति वाटते तितकी पिसाळलेल्या कुत्र्याचीहि वाटत नाहीं.

शहागंजांत घराच्या भिंतीला भिंत लागून आहे, आणि भिंतीपलीकडील घराचा धर्म निराळा असूं शकतो. कुत्र्याची लाळ वस्त्राला लागली तर तें धुतल्यावांचून नमाज पढूं नये, असें पुष्कळ मुसलमान शेजारी मानतात. सोंवळ्यांत वावरणाऱ्या हिंदु आजीबाईहि त्याला जवळ येऊं देत नाहींत. ह्यांत रुसण्यासारखें कांहीं नाहीं. मशिदीकडे निघालेला म्हातारा जिन्यांत भेटला तर साखळी आंखूड धरावी, इतकेंच. त्याच शेजाऱ्यांच्या हदीसांत एका वाटसरूची कथा आली आहे : तहानेनें माती चाटणारें कुत्रें पाहून तो पुन्हां विहिरींत उतरला, आपल्या पायांतील जोड्यांत पाणी भरून तें त्यानें त्याला पाजलें, आणि ईश्वरानें त्याला क्षमा केली. कुत्रें घरांत नको म्हणणारा माणूस निर्दय असतो, असें मुलांना वाटूं देऊं नये.

सुटी संपल्यावर काय होतें, तें आमच्या गल्लीनें अनेकदां पाहिलें आहे. पिलाला दांत आलेले असतात; तें चपला कुरतडतें, त्याचा आवाज फुटतो, मुलें शाळेंत जाऊं लागतात, आणि एके रात्रीं कोणीतरी त्याला गाडीवर घालून खाम नदीच्या पुलापलीकडे सोडून येतें. सकाळीं मुलांना 'तें हरवलें' म्हणून सांगतात. उपाशी-तहानेलें पडेल अशा स्थितींत जनावर टाकून देणें हा १९६० च्या प्राणिक्रूरता-प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा आहे, हें सांगितलें तर लोक आश्चर्य करतात. माणसाच्या हातचेंच खाऊन वाढलेल्या त्या पिलाला रस्त्यावर बहुधा जगतां येत नाहीं. जगलेंच, तर पुढच्या लसी न मिळतां, भुकेलें होऊन, तें दुसऱ्या कोणाच्या मुलाच्या वाटेंत उभें राहतें. २०२५ च्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें ११ तारखेस दिल्ली व आसपासचीं भटकीं कुत्रीं उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा हुकूम दिला. २२ तारखेस तो बदलून, पिसाळलेलीं व अंगावर येणारीं वगळतां बाकीचीं निर्बीजीकरण व लसीकरण करून मूळ जागीं सोडावीं, असें सांगितलें. आणि ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयें, बसस्थानकें अशा ठिकाणांपुरता आणखी निराळा हुकूम झाला. देशभर दोन पक्ष पडले व हिरिरीनें भांडले. घरांतून रात्रीं सोडलेल्या कुत्र्याविषयीं मात्र त्या साऱ्या वादांत आम्हांस फार थोडें वाचावयास मिळालें.

आणि 'हरवलें' ह्यावर मुलाचा विश्वास बसत नाहीं. नकोसें झालेलें रात्रीं गाडीवर घालून नेतां येतें, एवढें तें त्या सुटींत शिकतें. त्याच घरांत एखादी थकलेली आजी खोकत पडलेली असेल, तर तीहि हें सारें ऐकत असते.

म्हणून पिलूं आणण्यापूर्वीं सर्वांनीं एकत्र बसून मे महिन्याचा विचार करावा. आपण आठ दिवस मामाच्या गांवीं गेलों तर त्याचें पाणी कोण पाहील? शेजाऱ्यास किल्ली द्यावयाची तर त्यास आधीं विचारलें पाहिजे. ह्या प्रश्नाचें उत्तर मुलांकडून येऊं द्यावें. आईनें गप्प बसावें. उत्तर मिळेना, तर माठवाल्याकडून मातीचीं दोन पसरट भांडीं आणावीं. एक गच्चीच्या कठड्यावर पाखरांसाठीं, आणि एक ओट्याखालीं गल्लींतील कुत्र्यांसाठीं. रोज सकाळीं धाकट्यानें तीं घासून भरावीं. सुटीभर हें काम एक दिवसहि न चुकतां त्याच्या हातून झालें, तर पुढच्या पाडव्याला पिलाचा विषय पुन्हां काढण्यास आईचीहि हरकत नसावी.