मुक्तिलढ्याचे धर्मांतर

तेरचे त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह. दैवते बदलली, राजवटी बदलल्या; विटा भाजणारा कुंभार आणि जमीन कसणारे कूळ मात्र जिथल्या तिथे राहिले. हा धडा विसरून दर १७ सप्टेंबरला हैदराबाद मुक्तिसंग्राम हा हिंदूंचा मुसलमानांवरील विजय म्हणून रंगविला जातो. हा इतिहासाचा धडधडीत विपर्यास होय.

निजामशाहीचा पाया सर्फ-ए-खास आणि जहागिरी हा होता. त्या लुटीत हिंदू जहागीरदार, देशमुखही भागीदार होते. रझाकारांचे अत्याचार निर्विवाद आहेत. परंतु त्यांचा निर्भीडपणे निषेध करणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला, तो कोणत्या धर्माचा विजय?

पोलीस कारवाईच्या काळात व नंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा सुंदरलाल समितीचा अंदाज. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपला उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, होता. तो अहवाल अनेक दशके दडपला गेला.

कार्यकर्त्यांनी गावोगावी हे दोन्ही रक्तपात सांगितले पाहिजेत. एकच सांगणारा मुक्तीची नव्हे, नव्या जहागिरीची भाषा बोलत असतो.