गिअरबॉक्स उतरवण्याआधी

टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल हे केवळ वंगण नसते. इंजिनाची ताकद तेच पुढे पोचवते, क्लच तेच दाबते आणि उष्णताही तेच बाहेर काढते. म्हणून पंधरा-वीस वर्षे चाललेली गाडी झटका देत असो, उशिरा उचलत असो की चढावर घसरत असो, तपासणी डिपस्टिकपासून सुरू व्हायला हवी. बऱ्याच गॅरेजांत ती स्कॅनरपासून सुरू होते आणि लगेच गिअरबॉक्स उतरवण्याच्या एस्टिमेटवर संपते.

बहुतेक गाड्यांत तेल गरम करून, इंजिन चालू ठेवून पातळी पाहतात. होंडाच्या जुन्या गिअरबॉक्सांत मात्र इंजिन बंद केल्यावर ६० ते ९० सेकंदांत पाहायची असते. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो. जास्त असेल तर फिरते भाग ते घुसळून फेस करतात. दोन्ही बाबतींत दाब कमी होतो आणि क्लच घसरतो. रंगापेक्षा वास अधिक सांगतो. काळपट तेल निव्वळ जुने असू शकते, पण करपट वास आला की क्लच प्लेटांचे अस्तर जळाले असे धरावे. अशा गिअरबॉक्समध्ये नवे तेल भरून तो बरा होत नाही, हे गिऱ्हाइकाला तेल बदलण्याआधी सांगितलेले बरे. तेल दुधाळ गुलाबी असेल तर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट आत आलेले असते. पुरात बुडालेल्या गाडीत ब्रीदरमधूनही पाणी शिरते. पाण्याने अस्तराचा गोंद सुटतो, त्यामुळे तिथे उघडण्यावाचून इलाज नाही.

पुढे गिअरबॉक्सची म्हणून येणारी पण त्याची नसलेली दुखणी. सैल थ्रॉटल केबलने गिअर अवेळी बदलतात, तुटलेल्या माउंटिंगने ‘डी’मध्ये टाकताच धक्का बसतो, गंजलेल्या अर्थिंगमुळे कंट्रोलर गोंधळतो. उलट, ताशी ६०-७० किलोमीटरला येणारी गिअरबॉक्सची थरथर इंजिनाच्या मिसफायरसारखीच वाटते. ॲक्सिलरेटर तसाच धरून डाव्या पायाने ब्रेकला जेमतेम स्पर्श करावा. ब्रेकचा स्विच लागताच कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच सुटतो. त्याच क्षणी थरथर थांबली तर प्लग-कॉइल बदलण्यात अर्थ नाही. चुकीच्या ग्रेडचे तेलही हेच करते. ह्युंदाईच्या जुन्या चार गिअरवाल्याला एसपी-३ लागते. सीव्हीटीचे तेल तर वेगळेच. ‘सगळ्यांना चालते’ असे लिहिलेल्या डब्यावर विसंबू नये.

स्कॅनरची पाळी यानंतर. पी०७०० हा कोड फक्त ‘गिअरबॉक्सच्या कंट्रोलरकडे तक्रार आहे’ एवढेच सांगतो; खरा कोड त्या कंट्रोलरमध्ये असतो आणि स्वस्त स्कॅनर तिथवर पोचत नाही. पी०७४० लॉक-अपच्या सॉलेनॉइडच्या सर्किटचा आहे, म्हणून आधी कपलर, वायर आणि मल्टिमीटर. पी०७३० म्हणजे गिअरचे गुणोत्तर जुळत नाही. तिथे घसरण्याचा संशय रास्त असला, तरी स्पीड सेन्सरही खोटे बोलू शकतो. गाडी एकाच गिअरमध्ये अडकली म्हणून क्लच गेला असे होत नाही. दोष दिसताच कंट्रोलर सॉलेनॉइडांचा वीजपुरवठा तोडतो आणि चार गिअरवाला गिअरबॉक्स बहुधा तिसऱ्यात राहतो.

मग स्टॉल टेस्ट. हँडब्रेक ओढून, चाकांना अडण्या लावून, पाऊल ब्रेकवर घट्ट ठेवून फुल थ्रॉटल, पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही; लगेच न्यूट्रलमध्ये मिनिटभर तरी थंड होऊ द्यायचे. गाडीसमोर कोणीही उभे राहू नये. आरपीएम मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा ‘डी’ आणि ‘आर’ दोन्हींत चढले तर दाबाचा प्रश्न: तेल, फिल्टर किंवा पंप. फक्त ‘डी’त चढले तर फॉरवर्ड क्लच, फक्त ‘आर’मध्ये चढले तर रिव्हर्सचा क्लच किंवा ब्रेक. दोन्हींत कमी भरले तर इंजिन दमले आहे, नाहीतर कन्व्हर्टरमधला वन-वे क्लच सुटला आहे. ‘एन’मधून ‘डी’त पकडायला सव्वा सेकंदाहून जास्त लागले तरी शंका दाबावरच जाते, आणि ती प्रेशर गेजने मोजूनच फेडावी. अनेकदा टाळली जाते ती नेमकी ही गेजची चाचणी.

एवढ्यानंतर तेलाचा चेंबर खोलायचा. चुंबकावर बारीक राखाडी लगदा असणे नेहमीचे आहे. काळा अस्तराचा चुरा, पितळेचे कण किंवा चकाकणारे धातूचे तुकडे दिसले, तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. त्या कामात कूलर आणि त्याच्या नळ्या धुणे येतेच. तो चुरा तिथे राहिला, तर नव्या प्लेटांवर पहिल्याच फेरीत पोचतो.