घामाची पावती

हल्ली वर्गणी मागायला येणारा माणूस आधी घामाघूम होऊन येतो. पूर्वी तो पावतीपुस्तक घेऊन यायचा, खुर्चीत बसायचा, चहा प्यायचा, ‘तुमच्यासारख्यांनीच नाही दिलं तर कोणी द्यायचं?’ एवढे म्हणायचा आणि अकरा रुपये घेऊन जायचा. व्यवहार स्वच्छ होता. आता तो म्हणतो, ‘मी इतके किलोमीटर पोहणार, इतके सायकल मारणार आणि वर इतके धावणार. तुम्ही किलोमीटरमागे काय देता?’ दानधर्म राहिला बाजूला, ट्रकचे भाडे ठरवल्यासारखे बोलणे सुरू!

या उपद्व्यापाला ट्रायथलॉन म्हणतात. त्यातला थोरला प्रकार १९७८ साली हवाईत सुरू झाला. पोहणारा जास्त दमदार, धावणारा की सायकलवाला, असा तिथे वाद पडला. असे वाद आमच्या कुहीतही पडतात, पण ते चहाच्या दुसऱ्या कपाला मिटतात. तिथे चहाची सोय नसावी. पंधराजण निघाले आणि बाराजण पोचले. त्यांनी हे सारे वादासाठी केले, अनाथाश्रमासाठी नव्हे, हे लक्षात घ्या. पुढे २०१५ साली मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिचला ही शर्यत पुरी केली आणि भारतातल्या तमाम चाळिशीतल्या नवऱ्यांना घरात तोंड दाखवायला जागा उरली नाही. २०१७ साली आमच्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी एकट्याने सायकलवर अमेरिका पार केली, तेव्हा आम्हा नागपूर जिल्हावासीयांची छाती फुगली. तीही फुकट. कोणी किलोमीटरचा दर विचारला नाही.

आता आमच्या शाखेतला एक तरुण सहकारी या नादाला लागला आहे. गोव्यात २०१९ पासून अर्धी ‘आयर्नमॅन’ भरू लागली: समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचे, ९० सायकल चालवायची आणि २१.१ धावायचे. बेरीज ११३. हाच मुलगा सहा महिन्यांपूर्वी माळ्यावरचे जुने रजिस्टर काढायला शिपायाला पाठवत असे. आता पहाटे चारला उठतो, सकाळी उकडलेली अंडी खातो आणि दुपारी काउंटरवर पेंगतो. रविवारी आंभोऱ्याकडे पोहायला जातो. गोसीखुर्द धरणाचे पाणी तिथवर चढले आहे. त्या पाण्याखाली आमच्या तालुक्यातल्या लोकांची वावरे आहेत, घरे आहेत. ते लोक सामान डोक्यावर घेऊन निघाले तेव्हा त्यांच्या छातीवर कोणी नंबर चिकटवला नव्हता. असो.

वर्गणी कशासाठी? तर खेड्यांतून पायी शाळेत येणाऱ्या मुलींना सायकली घेऊन द्यायच्या. काम सोन्यासारखे आहे. पण मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. मला कोणताही माणूस नावे आणि जमा अशा दोन बाजूंनीच दिसतो. त्याची स्वतःची सायकल सव्वा लाखाची. बूट बारा हजारांचे. प्रवेश फी, गोव्याचे जाणे-येणे, मुक्काम, शिवाय ती अंडी. आणि जमवायचे किती? एक लाख. म्हणजे वीस मुलींना पाच-पाच हजारांची सायकल मिळावी म्हणून हा गृहस्थ सव्वा लाखाच्या सायकलवर बसून झोळी फिरवणार!

त्याचा पगार, त्याची हौस. माझी ना नाही. पण कॉमर्सच्या पहिल्याच वर्षी शिकवतात, मालक वेगळा आणि धंदा वेगळा. मालकाने गल्ल्यातून घरखर्चाला पैसे घेतले की ती ‘उचल’. हौस ही उचल आहे. ती धर्मादाय खात्यात लिहू नये, एवढेच माझे मागणे.

हे मी त्याला जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडा ठेवून समजावले. तो शांतपणे म्हणाला, “पण भाऊ, मी नुसताच मांगाले आलो असतो तं तुम्ही देले असते का?”

मॅनेजरसाहेब एकदम स्क्रीनकडे पाहू लागले. कॅशियरने मोजलेल्या नोटा पुन्हा मोजायला घेतल्या.

आणि म्हणूनच माझे भांडण आता त्या पोराशी राहिलेले नाही. ते तुम्हाआम्हाशी आहे. मुलगी पायी येते हे आपल्याला रोज दिसते, खिडकीतून दिसते. पण तिच्यासाठी खिशात हात जायला दुसऱ्या कोणी तरी गोव्याच्या समुद्रात गटांगळ्या खाव्या लागतात! आपल्याला कष्ट विकत घ्यायचे असतात, पण ते हौसेचे हवेत, फोटो निघण्याजोगे हवेत. कुहीत आणि मांढळात मिरचीचे सातरे लागतात, तिथे एकदा जाऊन उभे राहा. पाच मिनिटांत डोळ्यांना धारा लागतात. तिथे बाया सकाळपासून मिरचीचे देठ खुडत बसलेल्या असतात. संध्याकाळी हाताची आग होते ती लेकराला जवळ घेऊ देत नाही. त्यांना मजुरी किलोमागे. आणि आपण वर्गणी देतो किलोमीटरमागे! सायकलवाचून पायी येणाऱ्या पोरी बहुधा यांच्याच.

तुम्ही म्हणाल, बाबा आमट्यांनी १९८५ साली कन्याकुमारीहून तरुणांना सायकलीवर काढले, ते काय होते? ते वेगळे होते. ‘भारत जोडो’ म्हणायचे तर भारतातून जावेच लागते, गावोगाव थांबून माणसांशी बोलावेच लागते. तिथे सायकल हे वाहन होते, जाहिरात नव्हती. पंढरीच्या वारकऱ्यालाही कोणी कोसामागे दर लावत नाही. लावून पाहा, काय ऐकायला मिळते ते!

मी काही नुसता बोलून थांबणारा माणूस नव्हे. मी काउंटरवर एक वेगळी वही ठेवली आहे. तो जे किलोमीटर पोहणार नाही, चालवणार नाही, धावणार नाही, त्या प्रत्येकामागे पाच रुपये. ११३ गुणिले पाच, माझे ५६५ रुपये रोख जमा. त्याने गोव्याला जावो, न जावो, परत मागणार नाही. आतापर्यंत वहीत नऊ सह्या झाल्या. एका मिरचीच्या व्यापाऱ्याने तर ‘कोन्ही पयत नाही म्हणता, मंग घ्या’ असे म्हणून एक अख्खी सायकल दिली. त्या पोरानेही स्वतः सही केली, वर ‘गोव्याले तं मी जाईनच’ असेही बजावले.

त्याच्या आईने दुप्पट दराने सही केली आहे.