‘अल्मा कबूतरी’चा शेवट अपुरा कुणाला वाटतो?

संशोधनाच्या निमित्ताने माझं बरुआसागरला जाणंयेणं असतं. झाशी जिल्ह्यातलं तलावाचं, किल्ल्याचं गाव. (आपण मराठी लोक झाशीत राणीच्या पुढे जात नाही, ते सोडा.) बुंदेलखंडातल्या कबूतरा जमातीवरची मैत्रेयी पुष्पा यांची ‘अल्मा कबूतरी’ ही हिंदी कादंबरी २००० साली आली. ती इथल्या काही शिकत्या पोरापोरींसोबत वाचली.

एक प्राध्यापक पाहुणे म्हणून आले होते. कबुतराची प्रतिमा किती तरल आहे आणि शेवट कसा वाचकावर सोपवला आहे, यावर ते बराच वेळ बोलले. पोरांची तक्रार उलटी होती. मंत्र्याचा खून होतो, अल्माच्या उमेदवारीची बातमी येते आणि पुस्तक संपतं. मग ती जिंकली का?

मला दोन्ही म्हणणी पटली नाहीत. कबूतरा ही प्रतिमा नाही, जमातीचं नाव आहे. १८७१च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा गेला, पण ‘सराईत गुन्हेगार’ कायद्यांनी पोलिसांच्या हाती तीच नोंदवही परत दिली. ज्यांच्यावर आजही संशयाची नोंद आहे, त्यांच्या गोष्टीला ‘मुक्त शेवट’ म्हणून दाद देणं हा सवर्ण वाचकाचा आराम आहे.

आणि जिंकली असती तरी काय? अल्माला डेऱ्याने पुढे केलेलं नाही. मेलेल्या मंत्र्याच्या जागी ती उभी राहणार आहे. आपला माणूस कुणाच्या मर्जीने आणि कुणाच्या मतांवर निवडून येतो, हा प्रश्न आपण १९३२च्या पुणे करारापासून विचारतोय. लेखिकेने निकाल दिला नाही हे मला योग्य वाटतं. पण डेरा त्या शेवटात कुठे आहे, हे मात्र तिला विचारायलाच हवं.

चर्चेत रामसिंगचं नाव कुणी घेतलं नाही. अल्माचा बाप. त्याच्या आईने, भूरीने, स्वतःचं शरीर विकून त्याला शिकवलं. तो मास्तर झाला. पुढे पोलिसांनी त्याला आपल्या कामाला जुंपलं आणि शेवटी तो जिवानिशी गेला. पहिल्या पिढीत शिकलेला माणूस म्हणून मला ही कादंबरी त्याचीच वाटते. आपण सगळे अल्माकडे बघतो, कारण रामसिंगकडे बघवत नाही.

मी हे बोललो तेव्हा मागे बसलेला एक मुलगा उठला. त्याच्या वस्तीतला तो पहिला बी.ए. म्हणाला, ‘‘भैया, चोरी झाली की ठाण्यातून मलाच बोलावणं येतं. वस्तीतल्या पोरांची नावं लिहून दे म्हणतात, तू शिकलेला आहेस. मागच्या वेळी आजारी आहे म्हणून सांगितलं. आता काय सांगू?’’

प्राध्यापक घड्याळ बघत होते. माझ्याकडेही उत्तर नव्हतं. पुढच्या रविवारी रामसिंगची प्रकरणं पुन्हा वाचायची, एवढं ठरलं.